हलका कॅमेरा, जड कॅमेरा

बाबांच्या छोट्या कॅमेऱ्यात कळव्याची खाडी कधीच जागेवर नसते. कधी ती उजवीकडे वाहून गेलेली असते, कधी वर चढून आभाळात मिसळलेली. पारसिकचा डोंगर कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखा दिसतो. पुलावरच्या दिव्यांचे पिवळे धागे होतात आणि हिवाळ्यात येणारे कुरव पक्षी म्हणजे नुसते पांढरे फराटे. एका फोटोत तर आई तीनदा आहे. तिन्ही आया खिडकीशी उभ्या राहून एकच टॉवेल वाळत घालतायत. हे फोटो मी पहिल्यांदा लॅपटॉपवर घेतले तेव्हा कितीतरी वेळ बघतच राहिले. दुपारी जेवून आडवं झाल्यावर, झोप लागायच्या जरा आधी, डोळ्यांपुढून जे सरकत जातं ते मला तिथे दिसत होतं. मला ते फोटो फार आवडले, आणि मी तसं बाबांना सांगितलं. तिथेच चुकले.

"हे स्वप्नातलं वगैरे तुझ्या मैत्रिणींना सांग," बाबा म्हणाले. "मला माहितीये ते काय आहे. तो माझा हात आहे."

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मशीनच्या सुट्या भागांची चित्रं काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लहानपणी माझ्या वहीतले समास तेच आखून द्यायचे, आणि त्या समासाशेजारी माझं अक्षर फारच गबाळं दिसायचं. निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी त्यांचा उजवा अंगठा हलायला लागला, मग हात. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरक पडला, पण बाबा गप्प होत गेले. चहा अर्धाच कप घ्यायचे, तोही आमच्याकडे पाठ करून. चहा सांडल्याचं आम्हाला कुणालाच काही नव्हतं, त्यांना मात्र होतं.

त्यांना काहीतरी छंद लावून द्यायचा, असं मी डोंबिवलीत माझ्या घरी बसून ठरवलं. मला तुलना करायची खोड आहे. कुकर घ्यायचा तरी मी वहीत दोन रकाने आखते. तशी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्यांची तुलना केली. पहिल्या रकान्यात माझाच मोठा, जड डीएसएलआर. नवशिक्यांसाठीचा, सगळ्यात साधा. येऊरच्या जंगलात पक्षी टिपायचे म्हणून मी तो मोठ्या हौसेनं घेतला होता. दोन पक्षी टिपले, तेही कावळे. मग तो पोह्यांच्या हवाबंद डब्यात जाऊन बसला, कारण आमच्याकडच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. दुसऱ्या रकान्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा डिजिटल कॅमेरा. मोबाईलचा विचार मी आधीच सोडला होता. बाबांचं बोट काचेवर दोनदा टेकायचं आणि भलतंच काहीतरी उघडायचं.

लिहिता लिहिता छोट्याचा रकाना भरत गेला. हलका. शर्टाच्या खिशात मावणारा. भिंग बदलायचं नाही, काही फिरवायचं नाही. कल्याणला एका दुकानात तसा एक जुना पण चांगला मिळाला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सीनियर सिटिझन आहेत ना, मग हलकाच द्या. खिशात टाकला की बिनधास्त. हल्ली कॉलेजच्या पोरीपण हाच मागतात." म्हाताऱ्या माणसाला हलकं द्यावं, याबद्दल माझं, दुकानदाराचं आणि आईचं एकमत होतं. बाबांना विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

बाबांनी तो घेतला मात्र मनापासून. रोज सकाळी खिडकीशी उभे राहायचे. त्या कॅमेऱ्याला डोळा लावायला जागा नाही. दोन्ही हात पुढे लांब करून मागच्या पडद्यात बघायचं. हात लांब केले की थरथर वाढायची, आणि ते इवलंसं बटण दाबताना तर सगळा कॅमेराच डुलायचा. शंभर फोटो काढायचे आणि शंभर पुसायचे. मी बघितले ते पुसायचे राहून गेलेले होते.

त्या दिवशी ते माझ्यावर चिडले, आणि मग जरा वेळानं, खाडीकडे बघत, मला खरं काय ते सांगितलं. "डॉक्टर म्हणतो, हे वाढत जाणार. अजून वर्षभर हात थोडंफार ऐकेल. तेवढ्यात मला तुझ्या आईचा एक नीट फोटो काढायचाय."

"मी काढते ना, बाबा. आत्ता काढते."

"तू काढलेले ढीगभर आहेत. माझ्या हातचा एक नाही. तिचा एक सरळ फोटो मी काढावा, एवढंच. मग ठेवून दे तो कॅमेरा कुठे ठेवायचा तिथे."

खाडीवर ओहोटी होती, चिखलात एक होडी कलंडून पडली होती. मी तिच्याकडे बघत बसले. आत आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तिला यातलं काही माहीत नाही, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

रकान्यात काय चुकलं होतं ते पुढच्या रविवारी कळलं. आमच्याकडे चहाचं आलं कुटायचं काम बाबांचं. लोखंडी खलबत्ता आहे, चांगला वजनदार. मी ओट्याला टेकून उभी होते आणि बाबा आलं कुटत होते. ठक, ठक, ठक. बत्ता अगदी सरळ वर जात होता आणि सरळ खाली येत होता. हात शहाण्यासारखा वागत होता. कुटून झालं, त्यांनी बत्ता ठेवला, रिकामी बशी उचलली, आणि बशी थरथरायला लागली. मी इतकी वर्षं हे बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. त्यांच्या हाताला हलकी वस्तू नकोच होती. वजन हवं होतं.

मी घरी जाऊन पोह्यांचा डबा उघडला.

डीएसएलआर बघून आई म्हणाली, "हा धोंडा कशाला आणलास?" मी बाबांना डावा तळवा भिंगाखाली धरायला लावला, कोपरं बरगड्यांना टेकवली, कॅमेरा कपाळाशी घट्ट आणला. डोळ्याजवळ एक बारकं चाक असतं, आपल्या नंबराप्रमाणे फिरवायचं. ते त्यांनी फिरवलं, चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि बघतच राहिले. त्या काळ्या भोकातून खाडी बघणारे बाबा मला एकदम तरुण दिसले. मी शाळेतून यायचे तेव्हा असेच वाकून टेबलावर काहीतरी बघत असायचे, आणि हाक मारली तरी पटकन वर यायचे नाहीत. आताही आले नाहीत. मग खटाक आवाज झाला.

फोटोत खाडी जागेवर होती. तिवरांची पानं सुटी सुटी दिसत होती. होडीचा दोर दिसत होता, दोराचा पीळसुद्धा. बाबांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि "हं" म्हणाले. आमच्या घरात ज्यांनी तो "हं" ऐकलाय त्यांनाच त्याची किंमत कळेल. मला दहावीच्या निकालालाही तो मिळाला नव्हता.

झालं, आता आईचा फोटो म्हणजे काय, दहा मिनिटांचं काम, असं मला वाटलं. तिथे आई आडवी आली.

छोट्या कॅमेऱ्यापुढे ती कशी छान असायची. तीन आयांच्या त्या फोटोतही ती टॉवेल वाळत घालताना काहीतरी गुणगुणतेय, हे कळतं. पण मोठा कॅमेरा तिच्याकडे वळला की तिचा पुतळा व्हायचा. हात मांडीवर, मान ताठ, डोळे समोर, ओठ मिटलेले. श्वाससुद्धा घ्यायची नाही. फोटो सरळ यायचा, स्वच्छ यायचा, आणि मतदार ओळखपत्रावर चिकटवावा असा यायचा. बाबा बघायचे आणि मान हलवायचे. "ही ती नाही." तीन रविवार असेच गेले. एका कॅमेऱ्यात आई खरी आणि हात हललेला, दुसऱ्यात हात सरळ आणि आई लाकडाची. माझ्या वहीत असा रकाना नव्हता.

चौथ्या रविवारी सकाळी खाडीवर दाट धुकं होतं. पलीकडचं ठाणं गायबच झालं होतं, आणि स्वयंपाकघरात दुधासारखा मऊ उजेड आला होता. आई खिडकीखाली पाटावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. पुढ्यात परात. बाबा खुर्चीत कॅमेरा घेऊन बसले. जड कॅमेऱ्याची हीच एक गोम आहे, दहा मिनिटांनी दंड भरून येतात. म्हणून मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले, लहानपणी वेणी घालून घ्यायला आईपुढे बसायचे तशी, आणि त्यांनी भिंग माझ्या खांद्यावर टेकवलं.

तेव्हा मला त्यांचा हात कळला. इतके दिवस मी तो नुसता बघत होते. आता ती थरथर माझ्या हाडात उतरत होती, बारीक, न थांबणारी, दूरवरून मालगाडी जाताना जमिनीतून येते तशी. एवढं सगळं हा माणूस दिवसभर सांभाळतो, आणि वर अर्धा कप चहा पितो. मला रडू येत होतं, पण रडले असते तर कॅमेरा हलला असता.

उजेड कमी होता, म्हणून फोटोला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागणार होता. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही, असं मी म्हटलं मात्र, आईनं वाल सोडले. हात मांडीवर. मान ताठ.

माझा पारा चढला. "अगं आई, काय गं हे! जरा माणसासारखी बस की. फोटो म्हटलं की तुला लगेच नटीसारखं बसायचं असतं!"

"नटी कसली मेली," आई म्हणाली. ती हललीच नाही, ओठ तेवढे हलवले. "यांचा हात हलतो ना गं. म्हटलं, निदान मी तरी हलू नये."

तिला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. छोटा कॅमेरा कधी वळायचा ते तिला कळायचं नाही, म्हणून ती त्यात आपली गुणगुणत असायची. या मोठ्याचं तोंड आपल्याकडे वळलं की कळायचं, आणि मग ती दोघांच्या वाटचं स्थिर राहायला बघायची. श्वास धरून. चार रविवार. आणि मी तिला नटी म्हटलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी खाली फरशीकडे बघत राहिले.

खांद्यावरची थरथर क्षणभर वाढली. बाबांनी घसा खाकरला. त्यांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नव्हता.

"तू हल गं," ते म्हणाले. "माझं मी बघतो."

"हलू म्हणजे काय करू?"

"वाल सोल. जेवायला काय आम्हाला सालं घालणारेस?"

"अहो, असं सांगून कुणाला हलता येतं होय!" आई म्हणाली, पण तिनं परातीत हात घातला. एक वाल बोटांतून सटकला आणि टुणकन माझ्या दिशेनं उडाला. तो पकडायला तिनं हात झटकन पुढे टाकला आणि ती हसली, आमच्याकडे बघून, तोंड भरून. माझ्या कानाशी कॅमेरा खुटकन उघडला, थोडा थांबला आणि मिटला.

बाबांनी फोटो मोठा करून बघायला घेतला. आधी कडा बघितल्या. खिडकीचे गज सरळ. फरशीच्या सांध्यांच्या रेघा सरळ. फळीवरच्या डब्यांची झाकणं एकेक वेगळी. मग आईचा चेहरा, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांसकट, हसताना. आणि चेहऱ्याच्या खाली तिचे हात. ते कुठेच नव्हते. परातीपासून माझ्या दिशेनं नुसता एक फिकट, धुकट झोत गेलेला होता.

आई हात पुसत येऊन वाकली. तिला फक्त तो झोत दिसला. बाबांसाठी तिचा चेहरा पडला.

"मेलं, परत हललंच की हो," ती हळूच म्हणाली. "असू दे. पुसून टाका. दुसरा काढू."

बाबांनी कॅमेरा छातीशी ओढून धरला.

"कुणी हात लावायचा नाही याला," ते म्हणाले. "नीट बघ. यात तू हललीयेस. मी नाही."