मामी, सायकल आणि नसलेला नवस

मी हळदीच्या कार्यक्रमात नकला करतो. कांद्याच्या लिलावात बोली पुकारणारा, एसटीतला कंडक्टर, आमच्या शाळेतले पीटीचे सर, नवरीचा रुसलेला काका, कुणीही सांगा. तोंड माझं, आवाज त्यांचा. त्यामुळं मामीनं सायकलवर सप्तशृंगी गड चढायचं काढलं, तेव्हा मागच्या पिकअपमधला माईक माझ्याच हातात येणार, हे न विचारता ठरलं.

मामी म्हणजे माझ्या मामाची बायको, लासलगावची. मधली दोन वर्षं ती अंथरुणातून उठत नव्हती. जेवण नाही, बोलणं नाही. मग नाशिकला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू आमचं माणूस परत आलं. मामानं मात्र सगळ्या गावाला थायरॉईड सांगितलं होतं. त्या थायरॉईडला आमच्या घरात जेवढा मान मिळाला तेवढा जावयालाही मिळाला नाही.

बरी झाल्यावर मामीनं लेकीची सायकल बाहेर काढली. पहाटे आधी मार्केटच्या गेटपर्यंत, मग विंचूरपर्यंत. ट्रॅक्टरवाले हॉर्न मारायचे, ती हात करायची. तिच्या डोक्यात एकच होतं. नाशिकला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून आमच्याकडची माणसं औषध मध्येच सोडून देतात. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा, दर बुधवारी, लासलगावला यायला तयार होत्या, पण जागेचं भाडं आणि गरिबांच्या गोळ्या यांचा खर्च कुणीतरी उभा करायला पाहिजे होता. म्हणून तिनं सायकलवर गड चढून वाटेत लोकांकडून पैसे गोळा करायचं ठरवलं. मामा म्हणाला, सायकलच चालवायची तर ओझरकडं चालव, रस्ता सपाट, वर विमानं दिसतात. मामी म्हणाली, सपाट रस्त्याचे पैसे कोण देतं?

चूक एवढीच झाली की पुढचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमच्या जिल्ह्यात कुणी उन्हातान्हात गडाकडं निघालं, की लोकांना एकच कारण माहीत असतं. नवस. वणी मागं पडली आणि बाया रस्त्यात उभ्याच राहायला लागल्या. मामीच्या हेल्मेटला हळदीकुंकू लागलं. एकीनं तर पुढच्या चाकाच्या पाया पडून घेतलं. सायकलला बांधलेल्या मदतीच्या डब्यात नोटा पडू लागल्या, आणि पिकअपमध्ये नारळ एवढे साचले की मी नारळांवरच बसून बोलत होतो.

मामी दरवेळी थांबायची. एक पाय खाली टेकवून सांगायची, नवस नाही हा, मला मनाचा आजार होता, गोळ्यांनी बरी झाले, तसं औषध दुसऱ्यांनाही मिळावं म्हणून पैसे गोळा करतेय. काही हात तिथंच थबकायचे. एका आजीनं नारळ परत मागितला, मग डब्यातली नोटही. मामीनं दोन्ही हसून दिलं.

पिकअपमध्ये शेजारी बसलेला मामा माझ्या कानाशी आला. "तू आपलं माईकवर देवीच्या नावानं बोल. पैसा चांगल्या कामालाच चाललाय ना?"

मला पटलं. मी गोंधळ्याचा आवाज लावला, तो मला फार झकास जमतो. मामीनं करकचून ब्रेक दाबला.

"देवीला मी वर जाऊन भेटणारच आहे," ती म्हणाली. "पण मला बघून कुणी घरातल्या आजारी बाईला नुसता नवस बोलायला लावला, तर ती गोळ्या कधी घेणार?"

मी माईक बंद केला.

नांदुरीपासून घाट लागला. साखळी कुरकुरत होती, मामीचा ड्रेस पाठीला चिकटला होता, आणि सायकल इतकी हळू चालली होती की माकडंही तिच्याकडं दयेनं बघत होती. पण ती उतरली नाही. नक्कल करायला माणसात काहीतरी दाखवण्यापुरतं केलेलं सापडावं लागतं. मी तासभर तिच्या पाठीकडं बघत होतो, मला तसं काही सापडेना.

एका वळणावर गाड्या थांबल्या होत्या. लोकांनी तिला घेरलं, हात जोडले, देवी पावली म्हणाले. मामीनं बोलायला तोंड उघडलं, पण दमच पुरेना. ती नुसती नाही म्हणून मान हलवत राहिली. लोकांना वाटलं, हो म्हणतेय.

मामानं माझ्या हातातून माईक घेतला. त्याला तो धरता येत नाही, कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली.

"नवस नाय हा. ही माझी बायको. हिला डिप्रेशन होतं. मला लाज वाटली म्हणून मी गावाला थायरॉईड सांगत होतो. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी एक, रात्री अर्धी."

"अहो," मामी धापा टाकत म्हणाली, "अर्धी बंद झाली."

लोक हसले. काही पांगले, काहींनी उगाच मोबाईल काढले. टोमॅटोचे क्रेट घेऊन चाललेला एक गाडीवाला तेवढा मागं राहिला. गर्दी हटल्यावर जवळ आला.

"वहिनी, त्या डॉक्टरीणबाईंकडं गडी माणूस आला तर चालतं का?"

"चालतं की."

"नाय, माझा भाऊ हाय," तो म्हणाला. मग डोक्यावरची टोपी काढून झटकली. "भाऊ नाय. मीच येईन."

"बुधवारी लासलगावला या," मामी म्हणाली. "मी तिथंच बसलेली असेन."

त्यानं डब्यात काही टाकलं नाही. गाडीत बसला, ती मागं घेतली आणि मामीला वळण मोकळं करून दिलं. मामी सीटवरून उठली आणि पायडलवर उभी राहिली.