वरचा एक येन

आज दुपारी पोस्टाने एक हिशेबाचा कागद आला. पाकिटावर सुबक अक्षरात माझं नाव आणि पुढे आदराचं 'सामा' लावलेलं... इतका मान मला सासरीही कुणी दिलेला नाही.

कागद सॉफ्टबॉल क्लबचा. जपानात, कावासाकीतल्या आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर मुलींचं एक छोटं कॉलेज आहे, दोन वर्षांच्या कोर्सचं. त्यांची टीम नदीकाठच्या मैदानावर प्रॅक्टिस करायची.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या आयटी प्रोजेक्टमुळे आम्ही इथे आलो. तो सकाळी सातची ट्रेन पकडायचा आणि मग दिवसभर मी आणि भिंती. एकदा दूध घेऊन परतताना त्या मुलींचा बॉल घरंगळत माझ्या सायकलपाशी आला... मी उतरले, बॉल उचलला आणि थेट कॅचरच्या ग्लव्हमध्ये फेकला. तेही पंजाबी ड्रेसवर, ओढणी सावरत.

जळगावला कॉलेजात मी तीन वर्षं थर्ड बेसला खेळले होते. लग्नानंतर बॉलला हातही लागला नव्हता, पण हात काही विसरला नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर ओट्यापाशी उभी राहून मी रडले, आणि नवऱ्याला सांगितलं की कांदा चिरत होते.

मुलींनी मला मंगळवार-शनिवार बॅटिंग प्रॅक्टिससाठी बोलवायला सुरुवात केली. मी बॉल टाकायचा, त्यांनी मारायचा. आठवड्याचे बाकीचे पाच दिवस मी नुसते ढकलायचे.

आमच्या कॉलेजात जर्सी मॅचच्या दिवशी मिळायची आणि मॅच झाली की धुऊन जिमखान्यात परत. मला वाटायचं, जपानमध्ये तर सगळं कॉलेजच देत असेल. कसलं काय... कॉलेज मैदानाचं भाडं आणि थोडे बॉल द्यायचं, बाकीच्या खर्चासाठी मुली कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पार्ट-टाइम काम करून दर महिन्याला वर्गणी भरायच्या. सेकंड इयरची ओगावा-सान हा सगळा हिशेब ठेवायची. चहाच्या बाटलीचीसुद्धा पावती जपणारी मुलगी.

मागच्या उन्हाळ्यात कॉलेजने कळवलं की ॲडमिशन कमी होत चालल्यात, एप्रिलपासून सॉफ्टबॉलसाठी पैसे नाहीत. म्हणजे क्लब बंद. हिवाळ्याच्या तोंडावरची एक शेवटची स्पर्धा तेवढी राहिली होती आणि तिथे जायच्या बससाठी वर्गणी निघाली.

मीही पाकीट दिलं. पाच हजार येन, आणि सवयीने वर एक येन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओगावा-सान दारात हजर. पाच हजारांची पावती, आणि एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत तो एक येन, दोन्ही हातांत धरलेला. "हा चुकून जास्त आला होता," म्हणाली. एका येनसाठी ही पोरगी थंडीत सायकल मारत आली होती.

मी माझ्या मोडक्या जपानीत समजावलं. आमच्याकडे शुभकार्याला पूर्ण आकडा देत नाहीत, वर एक ठेवतात. शून्य आलं की संपलं, एक ठेवला की पुढे चालू राहतं.

तिने नाणं पिशवीतून काढून तळहातावर धरलं. मग हळूच म्हणाली, "पण चौधरी-सान, आमची ही शेवटचीच स्पर्धा आहे."

"माहितेय गं," मी म्हटलं. "म्हणून तर."

तिने ते नाणं पुन्हा पिशवीत ठेवलं आणि दारातच पावती नव्याने लिहिली. पाच हजार एक.

स्पर्धेत आम्ही पहिल्याच मॅचला हरलो. मुली बरोब्बर नऊच होत्या, बदली खेळायला एकही नाही. मधेच थर्ड बेसच्या मुलीच्या बोटाला बॉल लागला, ती खाली बसली... आणि माझ्या लक्षात आलं की मी बाकावरून उठून उभी राहिलेय. मी कोण? ना कॉलेजची, ना त्या वयाची. मग पाण्याची बाटली उचलून तिच्याकडे गेले, जणू त्यासाठीच उठले होते. बोटाला पट्टी बांधून ती पुन्हा उभी राहिली आणि मी माझ्या जागी येऊन बसले. त्या बाकापासून थर्ड बेस किती जवळ होता, ते मला अजून दिसतं.

मॅचनंतर मुलींनी ओळीत उभं राहून मैदानाला वाकून नमस्कार केला. मीही केला.

आज कागद घेऊन बसले. कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, मला अजून अडखळत वाचावी लागते, पण आकडे कळतात. जमा, बसचं भाडं, बॉल, औषधपेटी, पोस्टाची तिकिटं... सगळं कसं तंतोतंत. आणि तळाशी, शिल्लक एक येन.

त्याच्या शेजारी एक छापील चौकट असते, ती दरवर्षीचीच. 'पुढील वर्षासाठी.' क्लबला पुढचं वर्षच नाही. ओगावा-सानला मनात आणलं असतं तर तो येन कुठेही खपवता आला असता. तिने तो त्या चौकटीत लिहिला होता, शाईने.

मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. नाणं नव्हतं. या वेळी तिने ते परत केलं नाही.

आई किती दिवस मागे लागली होती, माळ्यावरचा तुझा ग्लव्ह शेजारच्या मुलीला देऊन टाकू का म्हणून. मीही "बघू, बघू" करत होते. आज फोनकार्ड घेऊन तिला फोन केला आणि सांगितलं, देऊ नकोस, भाजणीच्या पार्सलमध्ये घालून इकडे पाठव.

"अगं, पण क्लब बंद झाला ना? खेळणार कुणाबरोबर?"

म्हटलं, ते अजून ठरलेलं नाही... तू पाठव तर खरं.