धुऱ्यावरची हजेरी

लातूरहून फोन आला तेव्हा मी नांदेडला दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते. कमलच्या भावाचा मुलगा बोलत होता. "मावशी, आत्या गेली..." मी त्याच्यावरच चिडले. दिवाळीनंतर माहूरला जायचं ठरलं होतं आमचं, अशी कशी जाईल?

कमल बिलोलीकडच्या शेतकऱ्याची लेक. नांदेडच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. पुढं ती लातूरला प्राध्यापक झाली, प्राचार्य झाली आणि राज्याच्या उच्च शिक्षणाच्या समितीवर गेली. पेपरात तिला धोरणकर्त्या वगैरे म्हणायचे. मला मात्र ती माझं तेल ढापून केसांना लावणारीच दिसायची. तिला तसं बोलूनही दाखवलं होतं मी. "हाव, लावलं तेल. काय करशील?" म्हणाली.

मी तेव्हा तिच्याच भागातल्या एका लहान कॉलेजात मराठी शिकवायचे. मुलं कमी, म्हणून कॉलेज बंद करून सगळ्यांना नांदेडला पाठवायचं घाटत होतं. पोरांचं एक वेळ ठीक, पण पोरींना रोज नांदेडला कोण धाडतंय? माझ्या वर्गातल्या सुरेखाच्या बापानं सांगूनच टाकलं होतं, कॉलेज मिटलं की लगीन. कमलनं समितीला पाहणीसाठी यायला लावलं. तारीखही तिनंच दिली आणि नेमकी ऐन सुगीत दिली. मंडळी आली तर वर्ग ओस. सगळं गाव सोयाबीन काढायला गेलेलं. "आता अजून काय बघायचं?" अध्यक्ष म्हणाले. कमलचं तोंड उतरलं. "अगं, मी शेतकऱ्याची लेक," ती माझ्या कानाशी पुटपुटली, "आणि मुंबईत समितीच्या बैठकांना बसून सुगी विसरून गेले..."

मग तिनं सगळ्यांना गाडीत घातलं आणि शेतात नेलं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून मला म्हणाली, "घे हजेरी." मी एकेक नाव पुकारत गेले. सोयाबीनमधून विळा हातात घेतलेल्या पोरी उठून "हजर हाय मॅडम" म्हणत गेल्या. सुरेखा तर पलीकडच्या रानातून ओरडली. अध्यक्ष बूट चिखलात घालून पोरींशी बोलायला खाली उतरले.

कॉलेज राहिलं. पुढं अशा कॉलेजांना दिवाळीची सुट्टी कमी करून सुगीची द्यावी, हे कमलनं भांडून मंजूर करून घेतलं. लातूरच्या शोकसभेत तिची सगळी पदं वाचून दाखवली, धुऱ्यावरच्या हजेरीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मला लई राग आला.

सुरेखा आता धर्माबादला शिक्षिका आहे. सुगीच्या सुट्टीत ती माहेरच्या शेतात असते, आणि एक दिवस तरी कमल लातूरहून यायची आणि आम्ही दोघी तिथं जेवायला जायचोच. परवा मी एकटी गेले. सुरेखानं भाकरीचं फडकं सोडलं आणि एक भाकरी बाजूला काढली.

"मॅडम, सवयीनं ताईंचीबी भाकरी थापली हो..."

"दे इकडं," मी म्हणाले. अर्धी तिला दिली, अर्धी मी घेतली. कमलला कडक भाकरी लागायची, माझ्या दातांना आता ती सोसत नाही. तरी खाल्ली. खाताना रस्त्यावर एखादी गाडी वाजली की आम्ही दोघीही तिकडं बघत होतो.