एकच रिंग

लिहिण्याचा आगाऊपणा करतोय, माफ करा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माणसावर कसं लिहितात, नीट ठाऊक नाही. पण माझे पेशंट असलेल्या या काकांनी मला इतका वैताग दिला की सांगितल्यावाचून राहवत नाही.

"झालं बघा, डॉक्टर!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झालेलं काहीच नसायचं. आणि मी डॉक्टरही नव्हतो. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होतो.

काका सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला. हात चालला तर लेथ, नाहीतर गेटवर वॉचमन, असं कंपनीनं सांगितलेलं. "आता साहेबांच्या गाडीला सलाम ठोकू काय?" म्हणून चिडायचे. व्यायामाचं नाव काढलं की मात्र चहा टाकायला सांगायचे.

व्यायाम करून घ्यायला रोज त्यांच्या घरी जाणं मला जमेना. मोबाईल तेव्हा नुकते घरोघरी येत होते. मी युक्ती काढली. व्यायाम झाला की उजव्या हातानं मला फोन लावायचा आणि उजव्याच अंगठ्यानं कट करायचा. मिस्ड कॉल हीच हजेरी.

पहिल्याच सकाळी एक रिंग वाजून फोन बंद. त्या अंगठ्याला बटणापर्यंत पोचायला पाच रिंगा तरी लागल्या असत्या! संध्याकाळी जाऊन काकूंना विचारलं.

"डाव्या हातानं केला, दादा. व्यायाम कुठला? पेपर वाचत बसले होते."

"तू लय खरं बोलतेस," आतून काका.

तेव्हापासून मी रिंगा मोजू लागलो. पाच म्हणजे उजवा, एक म्हणजे लबाडी. पुढे रोज पाच वाजू लागल्या, कधी चारही. मग परीक्षा आली. महिनाभर फोन बंद ठेवला. चालू केला, तर दुसऱ्याच सकाळी एकच रिंग.

माझं डोकंच फिरलं. लगेच फोन लावला. "काका, हात तुमचा आहे, माझा नाही! फसवायचं तर स्वतःला फसवा!"

 पलीकडून हळूच, "झालं बघा, डॉक्टर."

त्यानंतर मिस्ड कॉल आला नाही. मीही हट्टानं गेलो नाही.

दिवाळीच्या आधी सातपूरच्या भाजीबाजारात काकू दिसल्या. चाचरत हाताचं विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही? दोन महिने झाले, लेथवर जातात. उजवा अंगठा झटकन चालायला लागला, तर दिवसभर फोन लावून कट करून मलाच दाखवायचे. तुमचा फोन चालू व्हायची वाट बघत होते. तुम्ही रागावलात तेव्हा म्हणाले, जाऊ दे, पोराचा पेपर अवघड गेला असेल."