दंतमंजनाच्या डब्याचं लेबल

श्रीगोंद्यात माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकाचा फोटो दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान झाला की केवढं रामायण होतं, ते मी रोज भोगते. त्यामुळे सिनेमावाला एक तरुण दुकानात येऊन, जरा खराब छापून मिळेल का, असं विचारू लागला तेव्हा मला तो देवमाणूस वाटला. खराब छापलं म्हणून बोलणी खूप खाल्लीत, पण खराब छापायची ऑर्डर ही पहिलीच.

शेजारच्या एका गावात त्यांचं शूटिंग होतं. गोष्ट जुन्या काळातली, तिच्यात एक किराणा दुकान, आणि त्यातल्या डब्या-बाटल्यांना लेबलं हवी होती. चहा, खोबरेल, साबण, दंतमंजन. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे आपल्याही घरी होतं, पण नाव कुठल्या खऱ्या कंपनीचं नको, उद्या नोटीस यायची.

जेवताना मी हे घरी सांगितलं आणि सासूबाईंचा घास हातातच राहिला. माझे सासरे तरुणपणी मागच्या खोलीत काळं दंतमंजन कुटायचे आणि पत्र्याच्या डब्यांत भरून आठवडे बाजारात विकायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझे यजमान रांगत होते तेव्हाच ते गेले. डबे लोकांनी वापरून फेकले, आणि घरात त्यांच्या हातचा एकही उरला नाही.

"मग आपलंच कर की," सासूबाई म्हणाल्या. "येकदा बघू दे मला."

त्या सहसा मागत नाहीत, हुकूम सोडतात. म्हणून ते मागणं मला फार लागलं. नोटिशीचीही भीती नव्हती, कंपनीच्या मालकीणबाई समोरच भाकरी मोडत होत्या.

नमुना काही नव्हता, होती ती त्यांची आठवण. मी कॉम्प्युटरवर एक हसरी बाई काढली, मोत्यासारखे दात दाखवणारी. त्यांनी एका नजरेत ती नापास केली. लेबलावरच्या बाईचं तोंड म्हणे मिटलेलं होतं. दंतमंजनावरची बाई आणि तोंड मिटलेलं? तर झालं होतं असं, की नगरच्या ब्लॉकवाल्याने छपाईच्या ठशावर आधी हसरीच कोरली होती, पण छापताना फटींत शाई भरली आणि तिची बत्तीशी काळीकुट्ट उमटली. सासऱ्यांनी मग नवीन ब्लॉक करून तिचं तोंड बंद करून टाकलं.

मी तोंड मिटवलं, तर ती रुसलेली दिसायला लागली. रुसवा काढला, तर झोपाळू झाली. शेवटी कुंकवावर गाडी अडली. लाल रंग तेव्हा सरकून छापला गेला होता, त्यामुळे कुंकू भुवईकडे कललेलं होतं. केसभर रंग सरकला तरी कागद फाडून टाकणारी मी, आता माउस धरून मुद्दाम कुंकू ढकलत बसले. सासूबाई मागे उभ्या राहून म्हणत होत्या की अजून वढ, एरवी तर तुला बरं जमतं.

एका संध्याकाळी त्यांनी प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि "हीच," म्हणून आत निघून गेल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी गिऱ्हाइकाशी नीट बोलले.

पुढचं काम त्या तरुणाचं. त्याने सगळी लेबलं चहाच्या पाण्यात बुडवली, गच्चीवर उन्हात वाळवली, डब्यांना चिकटवली, कोपरे घासले, वरून तेलकट बोटं उमटवली. आमचा डबाही त्यात होता. साठ वर्षं फळीवर पडून आहे असं वाटत होतं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी मी सासूबाईंना दाखवायला घेऊन गेले. एका शेतकऱ्याच्या पडवीत दुकान मांडलं होतं. मी तरुणाबरोबर आत चहा प्यायला गेले तेवढ्यात घोटाळा झाला. गावाकडे चार माणसं येणार म्हटलं की भांडी घासतात, इथे तर उभा महाराष्ट्र बघणार होता. बाहेर येऊन पाहते तो सासूबाई आणि त्या घरची मालकीण बादली मांडून बसलेल्या. राख, चिंच, काथ्या. अर्धे डबे लखलखीत आणि लेबलांचा लगदा.

तरुण मटकन खाली बसला. मी चिडले.

"आत्या, अहो ते मुद्दाम जुनं केलं होतं. सिनेमात तसंच लागतं."

"बाकीचं कर जुनं," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "आपलं न्हाई."

"का?"

"आपला डबा जुना कधी झालाच न्हाई गं. त्याच्या आधीच ह्ये गेले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरुणानेही ते ऐकलं होतं. तो उठला आणि म्हणाला, दुकानदाराकडे एखादा माल आजच आलेला असू शकतो. बाकीची लेबलं संध्याकाळपर्यंत पुन्हा छापून द्या, पण दंतमंजनाचं चहात बुडवायचं नाही.

दंतमंजनाची जादा छापलेली लेबलं माझ्या पिशवीत होतीच. मी एक नवंकोरं लेबल त्या घासलेल्या डब्यावर चिकटवलं. सासूबाईंनी स्वच्छ असलेला डबा पदराने पुन्हा पुसला, फळीवर सगळ्यांच्या पुढे ठेवला आणि गिऱ्हाईक उभं राहतं तिथे जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या.

"झालं मांडून," त्या हळूच म्हणाल्या, "निघा आता बाजाराला."

मी आणि तो तरुण जागचे हललो नाही. ते आम्हाला म्हटलेलं नव्हतं.