आधी शेवटचं पान

आमच्या आईला एक खोड आहे. रहस्यकथा हातात पडली की ती आधी शेवटचं पान वाचते आणि मग चष्मा पुसून पहिल्यापासून सुरुवात करते. मी चिडते. "अगं, मग मजा काय राहिली?" तर म्हणते, "खुनी कोण ते कळलं की जिवाला घोर नाही. निवांत वाचता येतं. कोण कसं खोटं बोलतंय ते बघत बसायचं."

ती रहस्य आधीच फोडून टाकते म्हणून आळीपाळीनं एकच पुस्तक वाचणाऱ्या तिच्या मैत्रिणी ते तिला सगळ्यात शेवटी देतात. आणि जिचं वाचून शेवटी होईल तिच्याकडे चर्चा, असा नियम. म्हणजे दर वेळी बैठक इंदिरानगरला, आमच्याच घरी, आणि चहा-चिवडा माझ्या गळ्यात.

गेल्या हिवाळ्यातलं पुस्तक विलायती होतं, मराठीत आलेलं. एक इंग्रज पोलीस इन्स्पेक्टर, एक म्हातारी आणि तिच्यापासून काहीतरी लपवणारं तिचं घर. त्याच दिवसांत आम्हीही आईपासून लपवत होतो. तिच्या पोटातली गाठ साधी नव्हती. दादानं फर्मान काढलं, "आईला एक अक्षर कळता कामा नये. अल्सर म्हणायचं." आमच्याकडे हे असंच चालतं, आजाऱ्याला सोडून अख्ख्या गल्लीला आजार ठाऊक असतो. दवाखान्याच्या दर्शनी भागावर 'कॅन्सर' असं ढळढळीत लिहिलेलं, म्हणून दादा तिला मागच्या दारानं न्यायचा. पुढे फरशीचं काम चाललंय म्हणायचा. सलाइनला आम्ही 'ताकदीचं' म्हणत होतो.

त्या रविवारी देवळाली कॅम्पहून मावशी आल्या. त्यांचे यजमान फौजेत होते. बसता बसताच त्यांनी इन्स्पेक्टरला फैलावर घेतलं. "हाताखालचा माणूस साहेबाला उलट बोलतो? आमच्याकडे असता तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या!"

शेजारच्या काकू कोर्टात कारकून होत्या. त्यांचं दुखणं वेगळंच. "पंचनामा कुठंय? पंच कोण? नुसता चहा पीत हिंडतोय मेला!"

"आणि जेवतो कधी?" मावशी म्हणाल्या. "चारशे पानांत दोन सँडविच!"

हसून हसून पुरेवाट झाली. आईसुद्धा डोळे पुसत होती. मग काकू हळहळल्या, "पण घरचे तरी काय करतील बिचारे? प्रेमापोटीच खोटं बोलले ना म्हातारीशी."

"प्रेमापोटीच गं," आई म्हणाली. "पण त्या म्हातारीला कुणी विचारलं का, बाई, तुला शेवटचं पान वाचायचंय का?"

मी किटली उचलून आत वळले. मावशी घाईघाईनं चिवड्याची तारीफ करू लागल्या.

दोघी गेल्यावर आई स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसली.

"फरशीचं काम झालं का गं?"

"कसली फरशी?"

"दवाखान्याची. तीन महिने चाललंय. बाकीचे पेशंट पुढून येतात, मी एकटीच मागून. अगं, पहिल्याच दिवशी रिक्षा वळताना पाटी वाचली मी. दादाला बोलले नाही. इतका जीव टाकून खोटं बोलतो, त्याचा हिरमोड कशाला करू? पण तुम्ही दोघं फार वाईट खोटं बोलता. त्या इंग्रजानं पहिल्या पानावर पकडलं असतं."

मला हुंदका आवरेना. तिनं मला जवळ ओढलं, पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडून घे. आणि मग सांग, डॉक्टर काय म्हणाले. सगळं. गाळू नकोस काही."

मी सगळं सांगितलं. किती पसरलंय, औषधानं काय होईल, काय होणार नाही, हातात साधारण किती दिवस आहेत, सगळं. ती मान हलवत ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं चष्मा काढून पुसला.

"हं," म्हणाली. "आता निवांत वाचता येईल."