फोनवाल्या काकांची अक्षरं

हाक मारल्यावर ओ देणाऱ्या प्रत्येकाला तीन अक्षरं असलीच पाहिजेत, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या समोर राहत होता. सगळे त्यांना फोनवाले काका म्हणत, कारण नव्वदनंतरच्या त्या वर्षांत अख्ख्या गल्लीत मिळून फोन एकच, तो त्यांचा. रेल्वेच्या वायरलेसमध्ये हयात घालवून ते निवृत्त झाले होते. खुर्ची सुटली, सवय सुटली नाही. कुणाचा फोन आला की गच्चीवरून नावाने ओरडायचं, हे त्यांना रानटी वाटे. "जोशी म्हणून ओरडलं की तीन जोशी धावत येतात, आणि ज्याचा फोन तो चौथा जोशी घाटावर आंघोळीला गेलेला असतो," असं ते म्हणत.

म्हणून त्यांनी गच्चीच्या कठड्याला शाळेत असतो तसला पितळी तास टांगला आणि प्रत्येक घराला अक्षरं वाटली. "रेडिओ स्टेशनांना असतात तशी. जगाने प्रत्येक देशाला सुरुवातीची अक्षरं ठरवून दिली आहेत, पुढची सरकार देतं. आपल्या गल्लीचं सरकार मी." पहिलं अक्षर सगळ्यांचं बी, म्हणजे बालाजी घाट. पुढची दोन ज्याची त्याची. फोन आला की काका ती तारेच्या भाषेत वाजवत. लाकडी हातोडीचा ठोका हाताने दाबला की आखूड, मोकळा सोडला की लांब. बीचे एक लांब आणि तीन आखूड ठोके पडले की गल्लीभर हातातली कामं थांबत. ज्याची अक्षरं तो धावत सुटे, बाकीचे पुन्हा पोळीकडे वळत. खालून जाणारे यात्रेकरू मात्र हात जोडून उभे राहत. पानवाला त्यांना समजावी, "आगे बढ़िए भाई साहब, आरती नहीं है, चाचा के यहाँ फोन आया है."

शेवटी काका स्वतःची अक्षरंही वाजवत, बी-ए-एन, म्हणजे बीनंतर आखूड-लांब, लांब-आखूड. फोन घेणारे ते स्वतः, मग त्यांना कशाला अक्षरं, असं मी एकदा विचारलं. "बोलणाऱ्याने आपण कोण ते सांगायला नको? नाव न सांगता बोलतं ते चोरटं स्टेशन," ते म्हणाले. एकदा माकडाने तो तास बडवला आणि दोन घरांतली माणसं फोनवर हजर झाली. काका काठी घेऊन गच्चीवर गेले आणि माकडाला म्हणाले, "लायसन दाखव."

अक्षरं बदलून घेणं सोपं नव्हतं. शास्त्रीबुवांच्या वाट्याला बी-क्यू-वाय आली होती. ती वाजवून होईपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवी. बुवांनी तक्रार केली तर काकांनी कारणासह लेखी अर्ज मागितला, नोटीस दाराला चिकटवली आणि हरकतींसाठी पंधरा दिवस थांबले. हरकत एकच आली, बुवांच्या बायकोची. तिच्या माहेरची माणसं कंटाळून फोन ठेवणारी नव्हती आणि ठोके संपेपर्यंत बुवांना सोवळं बदलता येई, म्हणून तिला तीच अक्षरं हवी होती. अर्ज फेटाळला गेला.

सगळ्यांचा डोळा असलेली अक्षरं म्हणजे बी-ई-टी. ई म्हणजे एक आखूड, टी म्हणजे एक लांब, झालं. ती वाती वळणाऱ्या मावशींची होती. त्यांचा मुलगा सुरतेला गेला, पहिल्या वर्षी दर रविवारी फोन करी, मग सणावारी, मग नाहीच. काकांचा नियम असा, की दोन वर्षं मुकं राहिलेलं स्टेशन बंद धरायचं, त्याची अक्षरं वहीतून खोडायची, पण आणखी एक वर्ष कुणाला द्यायची नाहीत. "कानांना विसरायला वेळ लागतो," ते म्हणत.

हा नियम त्यांनी आयुष्यात एकदा मोडला, माझ्यासाठी.

माझे बाबा अन्नछत्रात स्वयंपाक करत. आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं आणि मी पदवी घेतली होती. हे मी आजही जरा छाती काढूनच सांगते. काका मला हाक मारत तीही 'ग्रॅज्युएट' म्हणूनच. इंदूरच्या एका शाळेत मी मुलाखत देऊन आले होते. निवड झाली तर तीन आठवड्यांनी, शनिवारी फोन करू, असं ते म्हणाले होते. आम्ही भाडेकरू, घराची अक्षरं घरमालकांची, आम्हाला वेगळी नव्हतीच. "ग्रॅज्युएटला लांबलचक अक्षरं देऊन नोकरी घालवायची आहे काय?" असं म्हणून काकांनी मावशींची अक्षरं खोडून आमच्या नावावर लिहिली. मावशींच्या दाराला रीतसर नोटीस लावली. कणकेच्या खळीने लावली, आणि ती गाईने खाल्ली. पंधरा दिवसांत हरकत आली नाही.

त्या शनिवारी अकराच्या सुमाराला तास वाजला. मी धावत जिना चढले. सोमवारपासून या, असं पलीकडून सांगत होते, मी हो, हो म्हणत होते, आणि दारात मावशी उभ्या होत्या. धाप लागलेली, बोटांना कापूस चिकटलेला. तेवढे जिने त्या कशा चढल्या देव जाणे.

"आला का रे बाळ्याचा?"

मी फोन ठेवला. नोकरी लागली होती. काका उठून उभे राहिले.

"मावशी, चूक माझी. अक्षरं तुमची, फोन हिचा."

मावशी पायरीवर बसल्या. बोटांचा कापूस काढत म्हणाल्या, "असू दे. दोन वर्षांनी वाजली तरी हात तिथेच थांबला बघ. मला वाटायचं, मी विसरले असेन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुठे लागली गं? इंदूर? आईला सांगितलंस का?"

त्या गेल्यावर काकांनी वही काढली. आमचं नाव खोडून बी-ई-टीपुढे मावशींचं लिहिलं आणि बाजूला शेरा मारला, 'कायम.' मग पहिल्या पानावर गेले, स्वतःचं नाव खोडलं आणि बी-ए-एनपुढे बाबांचं लिहिलं.

"आणि तुम्ही, काका?"

"मी आता चोरटं स्टेशन," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तास शेवटी सही न करता थांबू लागला. मी इंदूरला गेले. पुढच्या दिवाळीत आईचं पत्र आलं, की भाऊबीजेला सकाळी बी-ई-टी वाजली, सगळी गल्ली दारात आली, मावशी वर गेल्या आणि अर्धा तास खाली आल्या नाहीत. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. शास्त्रीबुवांनी तेवढे पेढे वाटले.

आता गल्लीत घरोघरी फोन आहेत, आमच्याकडेही. तरी महिन्यातून एकदा मी एसटीडी बूथवरून काकांचाच नंबर लावते. त्यांचा आवाज आता बारीक झालाय. "कोण? ग्रॅज्युएट? थांब, बाबांना बोलावतो," असं म्हणून ते फोन बाजूला ठेवतात. जिना चढायला त्यांना पूर्वीपेक्षा वेळ लागतो. बूथवाला मीटरकडे बोट दाखवतो, मी मान हलवते. आणि मग लांबून, गंगेवरच्या वाऱ्यातून, ऐकू येतात आमची अक्षरं: आखूड-लांब, लांब-आखूड.